ड्रीमा मलिन्सचा उजवा कान

‘फुकट’ हा शब्द कुणी काढला की माझं डोकं फिरतं. हडसन नदीच्या काठी, लष्करी अकादमीच्या फाटकाबाहेर आमचं गाव. येणारा प्रत्येक पाहुणा वरच्या दगडी इमारतींकडे बघून हमखास विचारतो, “इथल्या पोरांचं शिक्षण फुकट ना?” फुकट! चार वर्षं उजाडायच्या आत उठून ओरडा खायचा आणि वर पाच वर्षं सरकार धाडेल तिथे जायचं. हे फुकट असेल तर माझं लग्नही फुकटातच झालं म्हणायचं.

ड्रीमा मलिन्स आमच्याकडे आली ती अकादमीच्या पहिल्या वर्षाला असताना. आजूबाजूची लष्करी घरं एखाददुसरं पोर रविवारपुरतं सांभाळायला घेतात, तसा इथे रिवाज आहे. माझा नवरा हार्लन तोफखान्यातला निवृत्त सर्जंट, एका कानाने पूर्ण आणि दुसऱ्याने सोयीनुसार बहिरा. ही वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाच्या खोऱ्यातली काटकुळी पोर दारात ताठ उभी राहिली, “गुड आफ्टरनून, मॅम,” म्हणाली, चीज घातलेल्या मॅकरोनीचं अख्खं भांडं रिकामं केलं आणि सोफ्यावर बुटांसकट झोपली. मी तिचे बूट काढले. तेव्हापासून ती आमचीच.

बाप खाणकामगार, ती दुसऱ्या वर्षाला असताना कोळशाच्या धुळीने छाती भरून गेला. आई ओनेडा शाळेच्या भटारखान्यात राबायची. अकादमीत तिसऱ्या वर्षाच्या पोरांना गाय म्हणतात, का ते विचारू नका. त्या वर्षी बँक त्यांना नावापुरत्या व्याजाने मोठं कर्ज देते. बाकीच्या गायी चकचकीत गाड्या घेऊन आल्या. ड्रीमाने आईचं छप्पर बदललं आणि बापाच्या इस्पितळाची बिलं भागवली.

अधिकारी झाली त्या दिवशी पहिला सलाम हार्लनने ठोकला आणि रिवाजाप्रमाणे तिने त्याच्या हातावर चांदीचा डॉलर ठेवला. “लेफ्टनंट साहेब, आता कुठे?” त्याने विचारलं. “तुमच्याच खात्यात, सर्जंट. तोफा,” ती म्हणाली. हार्लनचे डोळे भरून आले. माझेही आले, पण रागाने.

तोफखान्यात तिने पाच वर्षं काढली, कॅप्टन झाली. हाताखालची विशी-बाविशीतली पोरं तिने हळूहळू बहिरी होताना पाहिली. बायकोशी फोनवर बोलताना “काय? काय?” करणारी. तिथेच तिच्या मनाने घेतलं की कानाचं शास्त्र शिकायचं, डॉक्टरकीपर्यंत, आणि आयुष्यभर अशांचे कान तपासायचे. बोस्टनच्या एका विद्यापीठात तिला जागाही मिळाली. पाच वर्षं भरली तसा तिने राजीनामा दिला. ‘पाच वर्षं आणि पोबारा’ असं आमच्याकडे त्याला म्हणतात. उरलेली रजा घेऊन, गाडीत सगळा संसार कोंबून, जूनमध्ये ती आमच्या दारात हजर झाली. ऑगस्टअखेर वर्दी उतरणार आणि सप्टेंबरात वर्ग सुरू होणार होते.

फीची काळजी तिला नव्हती. नोकरी करून बाहेर पडलेल्या सैनिकाच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लष्करात तिच्या गाडीवर असलेला ड्रायव्हर तीन वर्षं नोकरी करून बाहेर पडला, त्याला सगळे पैसे मिळाले होते. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने सरकारी कचेरीला फोन लावला. हार्लनलाही कळावं म्हणून आवाज मोठा ठेवला होता.

“मॅम, तुम्ही अकादमीच्या का?” पलीकडच्या बाईने विचारलं.

“हो.”

“मग ती पाच वर्षं अकादमीच्या शिक्षणाची फेड झाली. ती इथे धरत नाहीत. तुमचा हिशेब सहाव्या वर्षापासून सुरू होतो.”

“पण मी पाचच केली.”

“म्हणूनच शून्य दिसतंय, मॅम. अकादमीची मंडळी दरवर्षी हेच विचारायला फोन करतात.”

ड्रीमाने तिचे आभार मानले. अगदी व्यवस्थित, नावानिशी. मग फोन टेबलावर पालथा ठेवला.

त्यानंतरचे आठवडे मला आजही आठवावेसे वाटत नाहीत. सरकारी कर्ज जेमतेम निम्म्या खर्चाला पुरत होतं. उरलेल्यासाठी बँकेला हमीदार हवा होता. ओनेडाकडे चाकांवरच्या घराशिवाय काही नाही आणि आमचं घर आधीच गहाण. माजी सैनिकांच्या सभागृहात शिष्यवृत्ती देतात, तिथे मी तिला घेऊन गेले. तिथल्या म्हाताऱ्यांनी तिच्या बोटातली अकादमीची अंगठी पाहिली आणि एकमेकांकडे बघून हसले. “तुझं जेवण झालंय की पोरी, आता दुसऱ्यांना वाढू दे,” त्यांच्यातला एक म्हणाला. मी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आईचा फोन आला की ती अंगणात जायची. ओनेडाचा आवाज तरी खिडकीतून आत यायचाच. “अधिकारी झालीस नि पैसे नाहीत म्हणतेस? गेले कुठे मग? चर्चमधल्या बायकांना मी सांगून बसलेय, माझी ड्रीमा डॉक्टर होणार म्हणून. आता काय तोंड दाखवू?” ड्रीमा फक्त “हो, ममा,” म्हणायची.

नेमणुका करणाऱ्या मेजरने तिला सरळ उपाय सांगितला. राजीनामा जुलैअखेरपर्यंत मागे घेता येईल. आणखी तीन वर्षं केलीत की पूर्ण पैसे. जागा मात्र तोफखान्यातच. विद्यापीठ म्हणालं, आम्ही तीन वर्षं काय, तीन महिनेही थांबणार नाही, तुमच्यामागे रांग आहे.

शेवटी सभागृहातल्याच एका भल्या माणसाने तिला बाजूला घेतलं. नोकरीत शरीराला इजा झाली असेल तर नव्या व्यवसायाचं शिक्षण द्यायला सरकारचं वेगळं खातं आहे. तिथे अकादमी आडवी येत नाही. “कान कसे आहेत तुझे?”

“उजव्यात शिट्टी वाजते.”

“नुसती शिट्टी पुरायची नाही. ऐकणं कमी झालंय हे तपासणीत दिसायला हवं.”

रात्री जेवताना हार्लनने हा प्रश्न चुटकीसरशी सोडवला. “त्यात काय एवढं? ते कानात टी-टी आवाज सोडतात. आला की बटण दाबायचं. तू दाबू नकोस. मी हिच्यासमोर इतकी वर्षं तेच करतोय.”

“मला ठाऊक आहे,” मी म्हटलं. “पण हार्लन बरोबर बोलतोय, ड्रीमा. दोनचार वेळा अंगठा आखडता घे. एवढ्याने कुणाचं काय वाकडं होणार आहे?”

तिने काटा खाली ठेवला. “मिस व्हर्ना, पहिल्या वर्षी माझ्या खोलीतल्या मुलीला घरी पाठवलं, माहितीये? बूट पुसलेस का विचारलं तर हो म्हणाली. पुसले नव्हते. तेवढ्यावरून.”

“पकडलं कुणी तिला?”

“मीच सांगितलं. खोटं बोलायचं नाही, आणि बोलणाऱ्याला खपवूनही घ्यायचं नाही, हाच तर तिथला नियम. बॅग भरताना ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.”

हार्लन उठला आणि ताटं विसळायला लागला.

तपासणी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात होती. ऊन मी म्हणत होतं. गाडी मी चालवली. इस्पितळाच्या आवारात ड्रीमाने बोटातली अंगठी ओढून काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली.

तपासणारी डॉक्टर लिंडक्विस्ट नावाची पांढऱ्या केसांची, हसऱ्या चेहऱ्याची बाई होती. ड्रीमाला जे व्हायचं होतं, नेमकं तेच. आत नेता नेता ती ड्रीमाला म्हणाली, “फाइलवर वाचलं मी, तुम्ही आमच्यात येताय म्हणे! फार बरं वाटलं.” दार बंद झालं. बाहेर आल्यावर ड्रीमाने मान डोलावली. काम झालं होतं. मी पर्स उचलली. दारापर्यंत पोचलो असू, तोच ती थांबली.

“त्या मला शाब्बास म्हणाल्या, मिस व्हर्ना. अगदी मन लावून बसलात म्हणाल्या.”

“चल गाडीत.”

“मी ऐकलं होतं. पुष्कळ ऐकलं होतं आणि दाबलं नाही.”

“ड्रीमा, चल म्हणते ना!” मी तिचा दंड धरला. तोफखान्यातली पोर ती, तिने माझा हात अलगद सोडवला आणि परत आत गेली.

या वेळी खूप वेळ लागला. मी त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून अकादमीला, तिच्या नियमाला, त्या बुटांना आणि हार्लनला शिव्या घालत होते. ती बाहेर आली, थेट गाडीत जाऊन बसली. आत काय झालं ते तिने पुढच्या काचेकडे बघतच सांगितलं.

तिने सगळं कबूल केलं. डॉक्टर म्हणाली, पुन्हा बसा, या वेळी खरं खरं. ड्रीमाने खरं केलं. जिथे आवाज आला तिथे दाबलं. आणि उजव्या कानात वरचे आवाज आलेच नाहीत. ती वाट बघत होती, घाम गळत होता, आणि आवाज येत नव्हते. तो कान खरोखरच गेला होता, आणि डावाही त्याच वाटेवर होता.

“म्हणजे तेवढं पुरतं ना?” मी विचारलं. “खातं पैसे देईल ना?”

“पुरलं असतं. पहिल्याच वेळी खरं दाबलं असतं तर आजच पुरलं असतं.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “आता त्यांना मी सांगितलेलं लिहावं लागणार. भरवसा ठेवता येत नाही असा शेरा पडला की नवी तपासणी, दुसऱ्या डॉक्टरकडे. वसंतात कधीतरी. त्या रडल्या, मिस व्हर्ना. मला म्हणाल्या, तू परत का आलीस?”

वसंतापर्यंत बोस्टनची जागा कुणा भलत्याचीच झालेली असणार होती, आणि राजीनामा मागे घ्यायची मुदत तर याच आठवड्यात संपत होती. माझ्या मनात आलं ते असं की जाऊन त्या बाईचे पाय धरावेत. मी दाराला हात घातलासुद्धा.

“नको,” ड्रीमा म्हणाली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता, बापाच्या अंत्यविधीलाही नाही. “मिस व्हर्ना, मला खरंच ऐकू येत नाहीये हो.”

त्या उन्हाळ्यात बँकेने, कचेरीने, सभागृहातल्या म्हाताऱ्यांनी, प्रत्येकाने त्या पोरीचा हिशेब मांडला होता. कानाचे किती मिळतील हेही निघालं होतं. मी तिला जवळ ओढलं आणि ती लहान मुलासारखी रडली, गाडीच्या सगळ्या काचा वर करून, भर उन्हात.

रडून झाल्यावर तिने नाक पुसलं, फोन काढला आणि डाव्या कानाला लावला. नेमणुकांच्या मेजरने लगेच उचलला. “सर, कॅप्टन मलिन्स,” ती म्हणाली. “मी राजीनामा मागे घेतेय. हो, सर. तोफा चालतील.”