सुपातल्या सुया

माझ्या सासूबाई छबूबाई, म्हणजे आमच्या आत्या, शनिवारी घरात लोखंड येऊ देत नाहीत. तेलही नाही. शनिशिंगणापूर जवळ, त्यामुळे आमच्या भागात पुष्कळ घरांत हे पाळतात, पण पाळता पाळता माणसं पळवाटही काढतात. कुणी शेजाऱ्याकडे उतरवून घेतं, कुणी पोतं झाकून ठेवतं. आत्यांकडे पळवाट नाही. मी लग्न होऊन तिसगावात आले त्याच आठवड्यात माहेरहून शनिवारी लोखंडी कढई आली. ती बिचारी रविवारपर्यंत कोपऱ्यावरच्या मारुतीच्या पारावर बसून होती.

तेव्हा मला हसू आलं होतं. गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी मात्र मी त्यांना नको ते बोलले.

त्याचं असं झालं. गावातल्या तीन नर्स रोज नगरच्या दवाखान्यात ड्युटीला जातात. एसटीची वेळ जुळत नाही म्हणून त्या जीपने जायच्या, कोंबून. मी गाडी शिकले, लायसन्स काढलं, आम्ही जुनी वॅगनार घेतली आणि त्यांना रोज नेण्या-आणण्याचं काम मी मिळवलं. रविवार सकाळ पावणेसात, हा माझा पहिला दिवस ठरला होता. तिघींतली ज्ञानेश्वरी मला स्पष्टच म्हणाली होती, "निकिता, पहिल्याच दिवशी खाडा झाला तर आम्ही परत जीपलाच जाणार बघ." बाई गाडी चालवणार म्हटल्यावर निम्मं गाव खाड्याचीच वाट बघत होतं.

फक्त गाडीचं पुढचं डावं चाक खड्ड्यात खडखडायचं. शॉकअप गेलेत, असं निदान आमच्या आदिनाथरावांनी केलं. हे डेअरीवर दुधाची फॅट काढतात, पण आठ दिवस मोबाईलवर व्हिडिओ पाहून अर्धे फिटर झाले होते. नवे शॉकअप शुक्रवारीच आणले, नियमात. शनिवारी सकाळी अंगणात जॅक लावला, चाक काढलं, शॉकअपचे बोल्ट सोडले. चाकामागचा जड भाग कशालाही बांधलेला नव्हता. तो भसकन बाहेर झुकला आणि त्यानं एक्सलही ओढून नेला. गिअरबॉक्सकडचा सांधा निखळला.

तिथं थांबले असते तरी निभावलं असतं. यांनी सांध्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, उघडलं. आत तीन छोट्या चाक्या असतात आणि प्रत्येक चाकीत तांदळाएवढ्या पोलादी सुया. एक चाकी निसटून खाली पडली आणि तिच्यातल्या सगळ्या सुया अंगणाच्या धुळीत सांडल्या. आदिनाथराव त्या धुळीकडे बघत उभे राहिले. व्हिडिओत हे नव्हतं.

बाजारात नूरुद्दीनभाईंचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "भाभी, आख्खा एक्सलच मागवा. नगरहून चारच्या एसटीत टाकायला सांगतो. उद्या मार्केट बंद राहतं."

मी हो म्हणणार तेवढ्यात आत्या दारातून म्हणाल्या, "आज न्हाई."

"आत्या, उद्या माझा पहिला दिवस आहे."

"म्हाईत हाय. म्हनूनच न्हाई."

मग माझा तोल गेला. तुमच्या शनिदेवाला सगळ्या गावात माझंच काम दिसलं का, सुनेचं बरं झालेलं बघवत नाही तर तसं सांगा, असं बरंच काही बोलले. आदिनाथ मला हाताला धरून मागच्या पडवीत घेऊन गेले.

आत्यांनी बावीस हंगाम ऊसतोड केली. टायरच्या बैलगाडीवर मामंजी आणि त्या. मामंजी कारखान्याच्या वाटेवर उसाच्या गाडीखाली गेले, हे मला माहीत होतं. पुढचं मला आदिनाथनी तिथं सांगितलं. त्या गाडीला नवा आस, म्हणजे चाकांचा दांडा, टाकायचा होता. मामंजी म्हणाले होते, आज शनिवार, उद्या बघू. एक दिवस बुडेल म्हणून आत्याच गेल्या आणि आस घेऊन आल्या. आठव्या दिवशी गाडी उलटली.

"आई हे कुणाला सांगत नाही," आदिनाथ म्हणाले. "मलासुद्धा मामाकडून कळलं."

शनीनं गाडी उलटवली असं मला आजही वाटत नाही. पण मला माझीच लाज वाटली. त्या माझं काम अडवत नव्हत्या, मला जपत होत्या.

बाहेर आले तर आत्या अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या. चाकाजवळची सगळी धूळ त्यांनी केरसुणीनं गोळा केली होती आणि ज्वारी पाखडावी तशी पाखडत होत्या. फोलपट उडून जात होतं, माती सरकत होती आणि सुपाच्या मागच्या कडेला सुया जमत होत्या.

"उभी काय ऱ्हातीस? वाटी आन," त्या म्हणाल्या. मग लेकाकडे वळल्या. "बैल सोडायच्या आदी गाडीला टेकू लावत्यात. एवढं बी म्हाईत न्हाई व्हय रं तुला?"

मोटारसायकलीतलं थोडं पेट्रोल काढून मी सुया धुतल्या. आत्या गोठ्यात गेल्या आणि गंजलेला डबा घेऊन आल्या. बैलगाडी विकली, पण तिच्या ग्रीसचा डबा त्यांनी टाकला नव्हता. झाकण निघेना, तेव्हा विळ्यानं उचकटलं. वरचा थर वाळला होता, खाली पिवळं, मऊ ग्रीस शिल्लक होतं.

"बेरिंगं मीच भरायचे," त्या म्हणाल्या. "त्यांची बोटं जाड."

चाकीला आतून ग्रीसचा लेप दिला आणि त्यात एकेक सुई त्या उभी चिकटवत गेल्या. एकही सुई पडली नाही. शेवटी एकीची जागा रिकामी राहिली. पुन्हा सूप, पुन्हा केरसुणी. अर्धा तास गेला आणि ती सापडली आदिनाथरावांच्या चपलेच्या तळाला, ग्रीसमध्ये रुतलेली. आत्यांनी ती काढून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मग चाकी जागेवर बसवली. आदिनाथनी तो जड भाग उचलून धरला, मी एक्सल आत ढकलला. टक् असा आवाज आला, सांधा बसल्याचा. आत्यांनी बैलाच्या जुन्या कासऱ्यानं सगळं वर बांधून ठेवलं, पुन्हा झुकायला नको म्हणून. शॉकअप बसले. बुटावरची पट्टी तुटली होती, तिथं घरातलीच तार पिळली. फोनवर नूरुद्दीनभाई म्हणाले, गाडीचं ग्रीस वेगळं असतं, सोमवारी येऊन बदलून घ्या, तोवर सावकाश चालवा. दिवस मावळायच्या आत मी स्टिअरिंग पूर्ण वळवून अंगणात तीन फेऱ्या मारल्या. आत्या चाकाजवळ कान देऊन शेजारून चालत होत्या. कुठं कटकट नव्हती.

रविवारी साडेसहाला आत्या धुतलं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसलेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. मागे तिघी नर्स, पुढे आम्ही सासू-सुना. ज्ञानेश्वरी पाय लांब करून म्हणाली, जीपमध्ये हे सुख नव्हतं. नगरला पोचेपर्यंत आत्यांचा कान खिडकीबाहेर होता. त्या चाक ऐकत होत्या.

येताना गाडीत आम्ही दोघीच. एका छोट्या पुलाशी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"हितं," त्या म्हणाल्या.

मी गाडी हळू केली. "थांबू का?"

त्या पुलाच्या कठड्याकडे बघत होत्या. "त्यो आस मी आनला हुता, निकिता. शनवारी. त्ये नको म्हनले हुते."

"आत्या, कालचं चाकही तुम्हीच भरलंत," मी म्हणाले. "शनिवारीच. आणि ते चाललंय."

त्यांनी थोडा वेळ कान दिला. डावं चाक गुपचूप फिरत होतं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "चालतंय." मग पदरानं डोळे पुसून सीटवर पहिल्यांदाच मागं रेलल्या. "जरा जोरात घे. माझं पोरगं उपाशी असंल."