अंगठ्याची खूण

कबनूरच्या यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरता भरता आक्काताईच्या कानांनी काम सोडलं. एकदम नाही सोडलं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची थाप, मग माणसं. मागांचा खडखडाट मात्र सुट्टीच्या दिवशीही डोक्यात चालूच असायचा. कुणी म्हणालं, डॉक्टरला दाखव, तर ती म्हणायची, "ऐकावं असं काय ऱ्हायलंय?"

तसे कारखान्यात कान लागतही नाहीत. चालू मागांपुढे तोंडाने बोलू बघणारा माणूस नवखा समजावा. तिथला सगळा कारभार हातांवर चालतो. हात तोंडाकडे नेऊन मनगट फिरवलं की 'जेवलास काय?', आणि अंगठा वर केला की 'माग बंद पडला'. ही खूण कुणी काढली कुणास ठाऊक. बाकीच्या जगात अंगठा म्हणजे झकास, यांच्या कारखान्यात अंगठा म्हणजे बोंब.

तिचा एकुलता एक राजवीर तिच्या समोरच्याच मागांवर होता. मायलेकरांचं निम्मं बोलणं हातांनीच व्हायचं. मग त्याने चाकणला नोकरी बघितली आणि माग सोडतो म्हणाला. घरात भांडण झालं, आणि रागाच्या भरात आक्काताई बोलून गेली, "गेलास तर परत तोंड दावू नगंस." आता असलं बोलणं आपल्याकडच्या आयांच्या तोंडी रोजचंच. सकाळी बोलतात आणि रात्री त्याच पोराला ताट वाढतात. हे पोरगं मात्र नेमकं या एका शब्दाला जागलं. त्याने तोंड दाखवलं नाही.

बऱ्याच दिवसांनी शेजारच्या बाळाबाईच्या सुनेने, स्नेहलने, तिला घरातल्या जुन्याच नंबरावर नवा मोबाईल घ्यायला लावला आणि व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवायला शिकवलं. आक्काताईला वाटलं, ही सोय आपल्यासाठीच काढलीय. डोळ्यांनी बघायचं, हातांनी सांगायचं, कानाचा काही संबंध नाही. शिवाय स्टेटस असतं सगळ्यांसाठी. म्हणजे पोरापुढे वाकल्यासारखंही होत नाही. फोन लावायला मात्र तिचा हात धजेना. तोंड दाखवू नकोस म्हणणारी तीच, आता दाखव म्हणून कशी म्हणणार?

तेव्हापासून जेवायच्या सुट्टीत ती घरी यायची, ताट वाढून घ्यायची आणि मोबाईल तांब्याला टेकवून समोर बसायची. हात तोंडाकडे, मनगटाची फिरकी. जेवलास काय? एवढंच स्टेटस, रोज. पेठ वडगावच्या नणंदेने कळवलंसुद्धा, "वैनी, रोज उपाशी बसतीस काय गं?" आक्काताईला त्याचं काही नव्हतं. तिला बघायची असायची ती स्टेटस कुणी कुणी बघितलं ती खालची नावं. त्यात 'राजवीर' दिसलं की ती पहिला घास घ्यायची. घास गोड लागायचा असंही नाही, पण गिळवत तरी होता. त्या नावाशेजारी त्याचा फोटोही नव्हता, रंकाळा तळ्याचा होता. पण नाव रोज यायचं, कधी लवकर, कधी ताट गार झाल्यावर.

एक दिवस नावाबरोबर अंगठा आला.

दुसरी कुणी असती तर हरखली असती. आक्काताई वाढलेलं ताट तसंच टाकून स्नेहलच्या दारात गेली. "राजवीरचं काम बंद पडलंय," ती म्हणाली.

स्नेहलने मोबाईल बघितला. तिच्याकडे तोंड करून, ओठ सावकाश हलवत ती म्हणाली, "आत्या, आवडलं म्हणून पाठवत्यात की तो."

"तुला काय ठावं. आमच्या कारखान्यातली खूण हाय ती. लाव फोन, तोंड दिसतंय तसला."

स्नेहलने व्हिडिओ कॉल लावला. तो लगेच उचलला गेला आणि पडद्यावर एक अनोळखी तोंड आलं. कोवळी मिशी, मागे पत्र्याची भिंत. तो बोलायचा आणि स्नेहल तेच आक्काताईला ओठांनी सांगायची.

"मी आदर्श, नेसरीचा. आम्ही एका खोलीत ऱ्हात होतो. राजवीर काम सोडून गेला की. जाताना हा फोन कार्डासकट मला दिला."

"कवा?"

"दिवाळीत."

आक्काताईने मोबाईल घेतला होता त्यानंतरच्या संक्रांतीला.

"गेला कुठं?"

"काय बोलला न्हाय. नवा नंबरबी दिला न्हाय कुणाला. गेला तवा बरा हुता, मावशी."

"मग रोज माझं कोण बघतंय?"

पोरगा ओशाळला. "मीच. सगळ्यांचंच बघतो. अंगठा सरकवला की एकामागनं एक येत्यात. त्याची फोनातली नावं काढायची ऱ्हायली माझ्याकडनं. आज ते अंगठ्याचं चित्र चुकून दाबलं गेलं."

हे शेवटचं सांगताना स्नेहलचे ओठ अडखळले, तरी आक्काताईला कळलं. तिला रडू आलं नाही. राजवीरचा रागही आला नाही, याही पोराचा नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोक्यातला खडखडाट थांबला, आणि आत एवढं सुनं झालं की तिने दाराची चौकट धरली.

पडद्यावरच्या पोराला फोन कसा ठेवावा ते कळेना. काहीतरी चांगलं बोलावं असं त्याला वाटलं असणार. तोंडाने बोलून हिला ऐकू येत नाही, हे एव्हाना त्याच्या लक्षात आलं होतं. रोज बघून बघून एक खूण त्याला पाठ झाली होती. त्याने हात तोंडाकडे नेला आणि मनगट फिरवलं. जेवलात काय?

घरात तिचं ताट झाकलेलंसुद्धा नव्हतं. आक्काताईने त्या परक्या तोंडाकडे बघितलं आणि अंगठा वर केला.

पोराला बरं वाटलं. त्यानेही हसून अंगठा दाखवला आणि फोन ठेवला.