माच उजव्या हाताला

सरावाच्या पहिल्याच ठेक्याला पाहुण्यांतला बोश्त्यान माशिको आजींवर आदळला. तो दारातून वाकून आत येणारा धिप्पाड माणूस, आजी नव्वदीच्या आणि त्याच्या जेमतेम कमरेला लागतील एवढ्या. तरी पडला तोच. आजी जागच्या हलल्यासुद्धा नाहीत.

"बघून चाल की रे!" त्या म्हणाल्या. "एवढी घाई असेल तर मागच्या रस्त्याने जा."

वर पटांगणाच्या मधोमध बांधलेल्या लाकडी माचावर कानेहिरा काकांचा ढोल थांबला. कठड्यावरून डोकावून त्यांनी खाली पाहिलं. देवळासमोरच्या पटांगणात आमच्या हिरातानी वाडीची माणसं माच डाव्या हाताला ठेवून निघाली होती आणि स्लोव्हेनियाहून आलेले पाहुणे माच उजव्या हाताला ठेवून. दोन्ही रांगा एकमेकांसमोर छाती काढून उभ्या होत्या. वाट कुणी सोडायची, हे कुणालाच कळेना.

"कियोए," काका वरून म्हणाले, "तुझी फौज उलटी आलीय."

कियोएकाकू पाहुण्यांच्या पायांकडे बघत होत्या. मग स्वतःचा उजवा हात वर केला, समोर पाहुण्यांच्या रांगेतल्या दार्याकडे पाहिलं, आणि हात हळूच खाली घेतला.

"अगं बाई," एवढंच म्हणाल्या.

कियोएकाकूंचं केस कापायचं दुकान वाडीत शिरल्याबरोबर लागतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, केस सुकवायचं एक यंत्र. ते आता फक्त मांजराला उबेसाठी. आमच्याकडच्या बायकांची डोकी काकूंनी लग्नाला सजवली आणि अंथरुणाला खिळलेल्यांची घरी जाऊन धुतली. हात चालू असताना तोंड बंद ठेवणं त्यांना जमलेलं नाही. ओबोनचा, म्हणजे पितरांच्या सणाचा, नाच पुढे राहून चालवायचा मानही त्यांचाच, शाळा सुटल्यापासून. पितर घरी येतात त्या दिवसांत त्या दारावरचा पडदा आत घेऊन दुकान बंद ठेवतात आणि सुती किमोनोत दिवसभर मिरवतात.

दार्या काही वर्षांपूर्वी गावाने परदेशी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कार्यक्रमात आली होती. काकूंकडे केस कापायला बसली आणि उठली ती नाच शिकायचं वचन देऊनच. मायदेशी, स्लोव्हेनियात, परतल्यावर तिने नाचाचं मंडळ काढलं. मग दोन हिवाळे, दर रविवारी, काकू फोन शांपूच्या बाटल्यांना टेकवून त्याच्यासमोर नाचायच्या. तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ. हे पुस्तकी जपानी बोलणारे, धडपडणारे लोक त्यांना मनापासून आवडले होते.

गेल्या वर्षी मात्र वाडीचं रिंगण जुळलं नाही. माणसं पुरलीच नाहीत. दात पडलेल्या तोंडासारखी मध्ये मोठी फट राहिली आणि ती फट माचाभोवती फिरत राहिली. वाडीचे प्रमुख कानेहिरा काकाच. त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं, "पुढच्या खेपेला रिंगण जुळलं नाही, तर माच बंद. गुडघे धरून ओंडके चढवायचे कशासाठी? टेप लावा आणि घरी बसा." म्हणून काकूंनी दार्याला लिहिलं, या. आणि ते आले, अख्खं मंडळ, आपापल्या रजा टाकून.

आणि आता हे.

"त्यांनी पाठवलेला व्हिडिओ बघितला नव्हतास?" काका खाली उतरून विचारत होते. दोघं एका वर्गातली, त्यामुळे आडपडदा नाही.

"बघितला होता."

"मग?"

"तोंडं बघितली त्यांची. पाय कोण बघतं? केवढी आनंदात होती."

"जन्म आरशासमोर काढलास तू. समोरच्याचा डावा हात कुठला आणि उजवा कुठला, एवढं कळू नये?"

"आरशातल्या बाईला मी कधी नाच शिकवला नव्हता रे."

दार्याचा चेहरा पडला होता. "कियोए बाई, आम्ही बदलतो. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

त्यांनी मनापासून प्रयत्न केला. अर्धे उजवीकडे वळले, अर्धे डावीकडे. टाळ्या दोन वाजायच्या तिथे पाच वाजल्या. बोश्त्यान घामाघूम होऊन प्रत्येक पाऊल टाकण्याआधी पायाकडे बघायचा, जणू तो पाय दुसऱ्याचा आहे. आधी निदान नाचत तरी होते. आता तेही राहिलं नाही. मी माझ्या नवऱ्याच्या कानात म्हटलं, झालं, यंदा फट नाही, भगदाडच पडणार.

काकूंनी टाळी वाजवली. "पुरे. यांनी बदलायचं नाही. आपण बदलू."

क्षणभर कुणाला समजलंच नाही.

"आपण म्हणजे कोण?" कानेहिरा काका.

"तू नाहीस. तुझा ढोल कुठल्याही बाजूने गोलच आहे. आम्ही."

"कियोए, पितर वर्षातून एकदा येतात. सगळं उलटं फिरताना दिसलं तर त्यांना वाटेल, चुकीच्या गावात उतरलो!"

"माझा नवरा काही बोलणार नाही," माशिको आजी म्हणाल्या. "त्याला मरेपर्यंत डावं-उजवं कळलं नाही. दोनदा गाडी भाताच्या खाचरात घातली."

"आजी, तुम्हीसुद्धा?"

"मी कुठे मेलेय अजून? मी शिकेन."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे समाजमंदिरात जमलो. दारात चपलांची रास, आत पंखे आणि कापलेलं कलिंगड. काकू आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "पायांकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघा. मी आरसा. माझा उजवा वर, तुमचा डावा वर. ती पोरं असंच शिकलीत, तुम्हाला का जमू नये?"

जमलं नाही. मग थोडं जमलं. एकमेकींच्या पायांवर पाय, हसून हसून खोकला, किमोनोचे पट्टे सुटलेले. नाचातली रोपं उपटण्याची खूण करताना मी बाजूच्या शेजारीणबाईंच्या नाकावर कोपर मारलं. "सूड घेतेस काय?" म्हणाल्या आणि पुढच्या फेरीला मला परत दिलं. संध्याकाळ व्हायच्या आत आमचे डावे हात आपोआप वर जायला लागले होते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्हाला शिकवताना काकू स्वतः मात्र नेहमीचाच नाच करत होत्या. उलटा नाच त्या शिकल्याच नव्हत्या; रिंगणात त्यांच्यासमोर आरसा होऊन कोण उभं राहणार?

"काकू, तुमचं काय?"

"माझं बघू," त्या म्हणाल्या आणि कलिंगडाची साल उगीचच कुरतडत बसल्या.

कंदील लागले. शहरात गेलेली पोरं सुट्टीला आलेली, पण ती मोजून ओंजळभर. काकूंची जागा पुढे असते, शाळा सुटल्यापासून. त्या दिवशी त्या पुढे गेल्याच नाहीत. बोश्त्यानच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्ही पुढे," तो गोंधळून म्हणाला.

"नाही. तू पुढे. मी तुझी पाठ बघून नाचणार आहे. चुकलास तर मीही चुकेन, तेव्हा सांभाळ."

ढोल सुरू झाला. पहिल्या फेरीला काकूंचा उजवा हात दोनदा वर गेला आणि अर्ध्यातून मागे आला. दुसऱ्यांदा त्या पूर्ण थांबल्या. मागची दार्याही थांबली. बोश्त्यानने मागे वळून पाहिलं नाही. फक्त डावा हात अगदी सावकाश, लहान मुलाला दाखवावा तसा, वर उचलला. काकूंनी त्या हाताच्या मागोमाग आपला उचलला. मग दोन टाळ्या, एकदम, सगळ्यांच्या.

माशिको आजी पुढे सरकल्या, मी सरकले, माझ्यापुढे कुणाची तरी पाठ आली. मग त्या पाठीपुढेही पाठ होती. मी मान उंचावून माचाच्या पलीकडे बघितलं. फट कुठेच नव्हती. वर कानेहिरा काकांचा ढोल जरा जास्तच जोरात वाजत होता, आणि त्यांचं डोकं आमच्याबरोबर फिरत होतं, उलट्या दिशेला.

नाच थांबला तेव्हा ते माचावरून उतरले. पंचा मानेवर, तोंड लाल. जवाचा थंड चहा एका घोटात संपवला आणि काकूंसमोर येऊन उभे राहिले.

"पुढच्या वर्षी मात्र सरळ फिरायचं," ते म्हणाले. "माच डाव्या हाताला. आत्ताच सांगून ठेव त्यांना."

काकूंनी पदराने घाम पुसावा तशी किमोनोची बाही कपाळावरून फिरवली आणि कानाला हात लावला.

"काय म्हणालास? तुझ्या ढोलाने कान बसलेत माझे. मोठ्याने बोल."

आणि कानेहिरा काकांना सगळ्या पटांगणासमोर, दार्यासमोर, माशिको आजींसमोर, पुन्हा एकदा ओरडून "पुढच्या वर्षी" म्हणावं लागलं.