पंखांचा वाद

डॉक्टर पद्माकर वऱ्हाडपांडे यांचं सगळं आयुष्य ग्लासगोच्या एका इस्पितळात म्हाताऱ्या माणसांवर उपचार करण्यात गेलं. हाताखाली आलेल्या नव्या डॉक्टरांना ते पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगत. एखादी आजी म्हणाली, ‘माझा नवरा खाली गाडी लावतोय,’ तर तो कधीच वारला म्हणून तिच्याशी वाद घालायचा नाही. हो म्हणायचं आणि चहा पुढे करायचा. “वाद बरोबरीच्या माणसाशी,” ते म्हणत. घरी जेवतानाही हे इतक्यांदा बोलून झालं होतं, की सुलक्षणाबाई भाजी वाढता वाढता त्यांचं वाक्य पुरं करायच्या.

वॉर्डात असा वर्षभर गिळलेला वाद पद्माकरराव उन्हाळ्यात बाहेर काढत, आणि तोही मुलीशी. ग्लासगोचा उन्हाळा तो काय, रेनकोट जरा पातळ घालायचा इतकंच. पण जून-जुलैत अंतराळयानांचे, यंत्रमानवांचे मोठमोठे चित्रपट लागत आणि आश्लेषा शाळेत जायला लागल्यापासून दोघं ते पहिल्या शनिवारी बघत. सुलक्षणाबाई कधी गेल्या नाहीत. “लोखंडाची मारामारी बघायला तिकीट कशाला? मी घासते ती भांडी ऐका की,” त्या म्हणायच्या.

नियम दोनच. पेपरातलं परीक्षण आधी वाचायचं नाही आणि वाद मराठीतच घालायचा. एरवी आश्लेषाचं मराठी ‘हो’, ‘नको’ आणि ‘जेवले’ यापलीकडे जात नसे. पण चित्रपट संपला, दुकानात बटाट्याच्या गरम चिप्सवर व्हिनेगर पडलं, की ती वाक्यांमागून वाक्यं फेकायची. लिंगवचनाचा चुराडा व्हायचा, मुद्दा मात्र शाबूत. बापाने चांगला म्हटला की लेक भिकार म्हणणार, हे ठरलेलं. एका वर्षी, दहा-अकरा वर्षांची असताना, तिने त्यांना चारी मुंड्या चीत केलं होतं. यानाचे पंख झोकात आहेत, त्यांच्याच जोरावर ते तसं वळतं, असं ते म्हणाले. तिने तोंडातला घास तसाच ठेवून विचारलं होतं, “बाबा, तिथे हवा नाही. मग पंख कशाला?”

पद्माकररावांनी त्या दिवशी तिला दोन आइस्क्रीमं घेऊन दिली. हरल्याचा इतका आनंद त्यांना पुन्हा झाला नाही.

आता ती ब्रिस्टलला विमानांच्या पंखांवरच काम करत होती. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी पद्माकररावांच्या हातातून चमचा निसटला आणि ओठाची एक कड खाली ओघळली. अर्धांगाचा झटका हलका होता. आठवड्याभरात ओठ जागेवर आला. त्यांनी नोकरी मात्र सोडली. तेव्हापासून घरात सगळे जरा हळू बोलू लागले होते. तरी जुलैत फोन आला, “बाबा, शनिवारी मी येते. पिक्चरला जायचं ना?” आणि ते दोन दिवस आधीच दाढी करून बसले.

रेनफ्र्यू स्ट्रीटवरच्या उंच सिनेमागृहात सरकत्या जिन्यांनी वर वर जाऊन दोघांनी चित्रपट पाहिला. चंद्र पोखरणारी यंत्रं होती, त्यांना अडवायला निघालेलं जुनाट मालवाहू यान होतं. शेवटचा अर्धा तास नुसते स्फोट. खाली येऊन चिप्सच्या दुकानात बसल्यावर पद्माकररावांनी हात चोळले.

“भंगार,” ते म्हणाले. “सगळा आवाज. गोष्ट कुठाय?”

“हो ना. गोष्ट नव्हता फार,” आश्लेषा म्हणाली.

ते थांबले. “पण ती शेवटची लढाई तुला आवडली असेल.”

“तेवढी नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे.”

शेजारच्या टेबलावर एक तरुण जोडपं त्याच चित्रपटावरून हमरीतुमरीवर आलं होतं. तो म्हणत होता, या उन्हाळ्यात असली लढाई दुसरी झाली नाही. ती म्हणत होती, गेल्या महिन्यातल्या यंत्रमानवांपुढे ही म्हणजे पोरखेळ. त्याने तिची एक चिप पळवली. पद्माकरराव त्यांच्याकडे बघत राहिले.

मग शांतपणे म्हणाले, “खरं सांगू? परत विचार केला तर उत्तम होता. गोष्ट फार बांधीव होती.”

आश्लेषाने क्षणभर त्यांच्या ओठाच्या कडेकडे पाहिलं. “हो, तसं बघितलं तर चांगला होता.”

“आणि यानाचे पंख. चंद्रावर ते वळण घेतं ना, ते पंखांच्या जोरावर.”

आश्लेषाचा काटा चिप्सवर थांबला. तिला आठवत होतं. ते तिच्या चेहऱ्यावर आलं आणि तिने ते आत ढकललं.

“हो बाबा. पंख मस्त होते,” ती म्हणाली. “चहा आणू तुम्हाला?”

तो आवाज पद्माकररावांनीच घडवला होता, कितीतरी नव्या डॉक्टरांच्या घशात. ना घाईचा, ना कंटाळ्याचा, मऊ. तो आपल्या दिशेने आल्यावर कसा लागतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना सांगता आलं असतं, त्यांना त्यांनी चहा दिला होता.

घरी सुलक्षणाबाईंनी दार उघडलं आणि आधी त्यांचा चेहरा निरखला. “भांडलात का?”

“नाही,” आश्लेषा म्हणाली.

“बरं झालं, बाई.” एवढं म्हणताना त्यांनी मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. शाबासकीचा हात. हिवाळ्यात मायलेकींचं फोनवर काय ठरलं असेल, ते विचारायची पद्माकररावांना मग गरज उरली नाही. शिकवण त्यांचीच होती, घरातल्यांनी ती नीट पाळली होती.

रविवारी स्टेशनवर गाडीत चढताना आश्लेषा म्हणाली, “पुढच्या वर्षी पण जायचं, बाबा. प्रॉमिस.”

“हो हो, जायचं की,” पद्माकरराव म्हणाले, त्याच मऊ आवाजात. तिने तो ओळखला.