सुधा उर्फ कुसुम

बोटीचा भोंगा झाला आणि आई रडायची थांबली. पदराने नाक पुसलं, माझ्या पोलक्याला आतून शिवलेली पिशवी वरूनच चाचपली आणि म्हणाली, "कागद आहेत ना? दागिने गेले तर पुन्हा होतील, पोरी. कागद गेले तर बसशील समुद्राकडे बघत." पिशवीत पासपोर्ट होता, नैरोबीचा परवाना होता, देवी टोचल्याचा दाखला होता आणि कल्याणच्या कोर्टाचा शिक्का असलेला एक कागद होता. ही हकिगत त्या कागदाची. मागे राहिलात त्यांनी हसा खुशाल, पण ज्यांचं निघायचं चाललंय त्यांनी नीट कान देऊन ऐका.

आमचे हे दोन वर्षं आधीच नैरोबीला गेले होते, रेल्वेत ड्राफ्ट्समन म्हणून. मी डोंबिवलीला सासरी. अखेर ह्यांनी तिकडून माझा परवाना काढून पाठवला, त्यावर नाव सुधा. पासपोर्टच्या अर्जाला मी जोडला ठाण्याच्या शाळेचा मॅट्रिकचा दाखला, त्यावर नाव कुसुम. मला त्यात काही वावगं वाटलं नाही हो! लग्नात नाव बदलतातच, ताटातल्या तांदळांत नवरा अंगठीने नवं नाव लिहितो, सगळे पेढे खातात आणि कुसुम संपते. खिडकीमागच्या कारकुनाने दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. "बाई, नाव वेगळं, बापाच्या जागी नवरा, आडनाव वेगळं. या दोन बायका आहेत. परवाना एकीचाच आहे."

मला इतका राग आला! पण त्याचं काय चुकलं? परवाना सहा महिन्यांचा, त्यातले चार टपालात आणि रांगांत गेलेले. मुदत टळली की पुन्हा पहिल्यापासून सगळं, म्हणजे आणखी एक-दोन वर्षं पत्रांवर संसार. तोच म्हणाला, कोर्टात प्रतिज्ञापत्र करा, 'सुधा उर्फ कुसुम' असं, आणि लग्नाआधी व लग्नानंतर ओळखणारा साक्षीदार आणा.

असा माणूस घरातच होता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, वडिलांचे जुने स्नेही. मी परकरात असल्यापासून त्यांनी मला पाहिलेलं. पण 'उर्फ' ऐकलं आणि ते ताडकन उठले. "उर्फ? उर्फ दरोडेखोरांना लावतात! आमच्या घरात सुधा आहे. ती कुसुम कोण, मला ठाऊक नाही." चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी चहा पुढे ठेवताना मी म्हटलं, "मामंजी, दरोडेखोर म्हणा हवं तर, पण सही करा." सासूबाई स्वयंपाकघरात फिस्सकन हसल्या. मामंजींनी चहा घेतला आणि कोट मागितला.

कल्याणच्या कोर्टात खरी पंचाईत झाली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "नवऱ्याचं नाव?" झालं! उभ्या जन्मात मी ते नुसतं घेतलेलं नाही, आणि शेजारी साक्षात सासरे. कारकून टाक धरून बसलेला. साहेबांनी पुन्हा विचारलं, "बाई, नाव सांगितल्याशिवाय कागद होणार नाही." माझ्या डोळ्यांपुढे बोट सुटून चालली. मी डोळे मिटले आणि जे सुचलं ते खणखणीत म्हटलं:

"दोन नावांची एकच मी, खोटं नाही सांगत,
श्रीधररावांचं नाव घेते, कोर्टाचा मान राखत."

वकील हसले, पट्टेवाला हसला. कारकुनाने विचारलं, "साहेब, हे सगळं लिहू?" साहेब म्हणाले, "नाव तेवढं लिहा." मग मामंजी पुढे झाले. मला वाटलं आता आपली खैर नाही. त्यांनी शपथ घेतली आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "ही सुधा. हीच कुसुम. नाव आम्ही बदललं, मुलगी तीच आहे." लग्नानंतर सहा वर्षांनी मी त्यांच्या तोंडून माझं माहेरचं नाव ऐकत होते. भर कोर्टात रडले मी, लाज कसली! परवान्याचे अकरा दिवस उरले असताना मी मोंबासाच्या धक्क्यावर पाऊल टाकलं.

तेव्हा बायांनो, दाखल्यावरचं नाव आणि परवान्यावरचं नाव आधी ताडून बघा. फोटो डझनभर काढा, मंगळसूत्र दिसू दे, पण पदर कपाळावर नको, चेहरा झाकतो. सही मोडीत करू नका, इकडे वाचणारं कोणी नाही. आणि नवऱ्याचं नाव घ्यायची घरीच सवय करा! इथे आल्यावर कितीतरी नव्या सुनांचे अर्ज मी माझ्या टेबलावर लिहिले, एकीचाही परत आला नाही. टेबल शाळेतलं बरं का. मॅट्रिकचा दाखला कुसुमचा, मास्तरीण झाली सुधा. सकाळी डुकात, म्हणजे दुकानात, भाजीवाला 'मामा सुधा, करीबू' म्हणतो, म्हणजे 'सुधाबाई, या', आणि मी त्याच्याशी स्वाहिलीत घासाघीस करते. डोंबिवलीत विहिरीवर ज्या मुलीचा आवाज फुटत नव्हता, तिने हे केलं!

लोक विचारतात, आता घर कुठलं? पूर्वी सासर, माहेर, परदेश, सगळीकडे आपण पाहुण्याच, असं वाटायचं. गेल्या सुट्टीत डोंबिवलीला गेलो आणि तो प्रश्न सुटला. टांगेवाल्याचं भाडं चुकतं करत हे मागे राहिले, मी एकटीच पुढे होऊन कडी वाजवली. मामंजींना आता मोतीबिंदूने नीट दिसत नाही. दार किलकिलं करून त्यांनी विचारलं, "कोण आहे?"

"मी, मामंजी. सुधा." मग काय वाटलं कोण जाणे, पुढे म्हटलं, "आणि कुसुम."

त्यांनी दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या.

"अगं, मग दोघीही आत या."