शिंक्यातले तारे

"अहो, दोरा कुठून ओवू?"

बायकोच्या एका हातात लाल दोरा होता आणि दुसऱ्या हातात मी केलेला मातीचा तारा. तिने तो उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरून पाहिला. मग टोपलीतला दुसरा उचलला, तिसरा उचलला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी चहाचा कप हळूच खाली ठेवला. चाळीस वस्तू केल्या होत्या मी. तारे, मासे, भरीव घंटा आणि चार देवदूत. सावलीत वाळवल्या, भाताच्या तुसात घालून खरपूस भाजल्या. झाडाला टांगायच्या वस्तू, आणि टांगायला भोक एकीलाही नव्हतं. मी शाळेत गणित शिकवतो. चाळीस मात्र अचूक मोजल्या होत्या.

यात सगळा दोष माझा नाही, असं मी अजूनही म्हणतो. आमच्याकडच्या मातीला लटकायची सवयच नाही. लहानपणी मोखाड्याला पोळ्याच्या आधी ओढ्यावरून चिकणमाती आणून आम्ही बैल करायचो. बैल पाटावर उभा राहतो. गणपती बसतो, चूल बसते, पणतीही बसते. हाताला जे ठाऊक तेच हाताने केलं. एवढंच काय, देवदूतांनासुद्धा वशिंड आलं होतं. ते मी पंखांची सुरुवात म्हणून खपवून दिलं होतं.

हा सगळा खटाटोप शेजारच्या सिस्टरांसाठी होता. सिस्टर मूळच्या वसईच्या, पण नर्स म्हणून जव्हारला आल्या त्या इथल्याच झाल्या. आमच्या मुलीला या जगातली पहिली चापट त्यांनीच मारली. दर नाताळला त्या घाट उतरून वसईला जात. यंदा न्हाणीत पाय घसरला आणि प्लास्टर चढलं. म्हणून लेक आणि सहा वर्षांची नात, दोघी इकडे वर येणार होत्या. तर नात फोनवर म्हणाली, "आजी, तुझ्याकडे झाडच नाही. मग नाताळ कसा येणार?"

आख्ख्या तालुक्याला निर्विकार चेहऱ्याने इंजेक्शनं देणारी ती बाई, हे सांगताना माझ्या बायकोसमोर रडली. "मला बाकी काही नको गं. पोर दारातून आत येईल तेव्हा भरलेलं झाड दिसू दे."

बायको म्हणाली, "बाजारात बघते काही मिळतं का."

"बाजार कशाला?" मी म्हणालो. "मी करतो ना मातीचे."

बायकोने कपाळाला हात लावला. मी केलेल्या मांडणीवर आमच्या घरात अजून कोणी भांडं ठेवलेलं नाही. पण सिस्टरांनी तेवढ्यात व्हिडिओ कॉल लावलासुद्धा, आणि "शेजारचे काका तुझ्यासाठी मातीचे तारे करतायत" हे नातीला, आणि नातीमार्फत तिच्या सगळ्या वर्गाला कळलं. परतीचे दोर असे कापले गेले.

आणि आता तेवीस तारीख होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर दारात उभी राहणार होती.

मी एक तारा घेऊन फर्निचरवाल्या चाचांकडे धावलो. त्यांनी बारीकातलं बारीक ड्रिल लावलं, अल्लाचं नाव घेतलं, आणि एका ताऱ्याचे दोन तारे झाले. "मास्तर," ते तुकडे माझ्या तळहातावर ठेवत म्हणाले, "ये मिट्टी है, सागवान नाही."

घरी आलो तर ओटीवर सूर्यमाळकडची मावशी बसलेली. ती दर आठवड्याला नागली घेऊन येते. टोपली पुढ्यात ओढून ती माझा देवदूत न्याहाळत होती.

"बैल बरा जमलाय," ती म्हणाली.

"तो बैल नाही, मावशी."

"तुमच्या मास्तरांनी टांगायला केलेत," बायको म्हणाली, "आणि भोकंच पाडली नाहीत. उद्या सिस्टरांना काय तोंड दाखवू?"

मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. दोघं सारखीच बिनडोक, असं तिचं मत झालं असावं. "बाय, दूध टांगाचां तं गाडग्याला भोक पाडतांत का?"

आम्ही काही बोलायच्या आत तिने नागलीच्या गोणीची सुतळी सोडली, तिचे पदर उलगडले, चार पदरांना खाली एक गाठ मारली, वर दोन फिरवल्या, आणि बघता बघता तळहाताएवढं शिंकं तयार झालं. मांजरापासून दूध वाचवायला आढ्याला टांगतात ना, तेच. फक्त चिमणीच्या मापाचं. त्यात तारा ठेवला. पाचही टोकं जाळीतून बाहेर काढून तो ऐटीत बसला.

मग बायको शिकली. मीही शिकलो, पण माझ्या पहिल्या शिंक्यातून मासा सुळकन खाली आला. तो दुसऱ्यांदा पडल्यावर मावशी म्हणाली, "मास्तर, तुम्ही सुतळी सोडा." संध्याकाळपर्यंत मी सुतळी सोडली. मावशीची परतीची जीप चुकली, तर ती म्हणाली जाऊ दे, आणि आमच्याकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांच्या घरी तेलाच्या डब्यात माती भरून सुरूची फांदी उभी केली आणि एकोणचाळीस शिंकी टांगली. जीपचा हॉर्न वाजला तशा सिस्टर वॉकर घट्ट धरून उभ्या राहिल्या. झाडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यांची नजर दारावर.

पोर उंबऱ्यात थबकली. सिस्टरांची बोटं वॉकरवर पांढरी पडली. मी मनातल्या मनात मांडणीपासूनचे माझे सगळे गुन्हे आठवत होतो.

"आजी," पोर शेवटी म्हणाली, "हे सगळे झोपाळ्यात बसलेत!"

मग ती प्रत्येकाला बोटाने झोका देत सुटली. वशिंडवाल्यापाशी थांबली. "हा कोण?"

"देवदूत," मी म्हणालो.

"बैलांचा?"

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना धरून खुर्चीत बसवावं लागलं. डोळे पुसत त्या बायकोला म्हणाल्या, "पुढच्या नाताळला मी चालत वसईला जाईन बघ. पण असेच करून दे हं, झोपाळ्यासकट. तिकडे न्यायचेत."

घरी येताना मी जरा छाती काढूनच चालत होतो. बायको कुलूप काढता काढता म्हणाली, "ऐकलंत ना? पुढच्या वर्षी भोकं पाडायला आठवणीने विसरा."