विनायकच्या घरातलं ओतून दिलेलं पाणी

विनायक गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात दाढी करत होतो. अर्धा गाल तसाच ठेवून एसटी पकडली आणि दहाच्या सुमाराला अमरावतीत त्याच्या घरी पोचलो. तो पुढच्या खोलीत जमिनीवर निजलेला होता. माणसं मात्र त्याच्याकडे पाठ करून टाकीतले मासे पाहत होती. एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता. पिवळा मासा काचेजवळ यावा म्हणून त्यानं काचेवर टिचकी मारली, तेव्हा मला तिथंच शिसारी आली. विनायक उठून बसला असता तर त्यानं त्या माणसाचा हात धरून त्याला दाराबाहेर काढलं असतं.

माणूस गेला की त्याला हार घालून लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मला त्या लिखाणाची किळस येते, म्हणून विनायक कसा होता तेवढंच सांगतो. आम्ही कॉलेजच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. पुढं मी अकोल्यात मास्तर झालो आणि तो अमरावतीत कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक. चिडका, हट्टी, लग्नाच्या पंगतीतही मीठ कमी आहे असं मोठ्यानं सांगणारा. समुद्र जिथून शेकडो कोस लांब, मे महिन्यात जिथं नळाचं पाणीही कढत येतं, तिथं या माणसानं निवृत्तीनंतर घरात आठ फुटी खाऱ्या पाण्याची टाकी बांधली आणि तीत जिवंत प्रवाळं वाढवली. समुद्रातून तोडलेलं त्यात एकही नव्हतं. टाकीतच वाढवलेल्या प्रवाळांचे बोटाएवढे तुकडे आणून त्यानं ती झुडपाएवढी केली होती.

मला वाटायचं, मासे पाळायचे म्हणजे दाणे टाकायचे. त्यानं माझी चांगलीच हजेरी घेतली. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियममधून बांधतं, पण नुसतं कॅल्शियम असून भागत नाही, पाण्याची क्षारताही जागेवर लागते. प्रवाळं ही दोन्ही रोज खात असतात, त्यामुळं रोज तेवढीच भरून द्यायची. क्षारता घसरली की बांधकाम थांबतं, मग अंगावरची कातडी सुटायला लागते.

"अन् दोनी एकदमच टाकून द्यायचे ना," मी म्हणालो होतो.

"टाक ना. मी टाकून पायलं पयल्या वर्षी. सारी टाकी दुधावानी पांढरी झाली. दोघं एकमेकाले धरतात अन् तळाशी बसतात, प्रवाळाले काईच भेटत नाई. मास्तर असून इतकं समजत नाई का बे तुले?"

म्हणून दोन वेगळ्या कॅन होत्या. एकीत कॅल्शियमचं पाणी, दुसरीत क्षारतेसाठी भाजलेल्या खायच्या सोड्याचं. सोडा तो त्याच्या बायकोच्या, शोभावहिनींच्या कढईत भाजायचा आणि रोज बोलणी खायचा. टाकीखाली जागा नव्हती म्हणून कॅन स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात होत्या, पिण्याच्या पाण्याच्या असतात तशाच, वीस-वीस लिटरच्या. त्यांतून निघालेल्या बारीक नळ्या भिंतीतून टाकीत जायच्या आणि एक छोटा पंप ठरल्या वेळी ठरलेलं पाणी सोडायचा. तरी रोज सकाळी चहाआधी विनायक काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब मोजून टाकायचा. निळा रंग पिवळा व्हायला किती थेंब लागले, त्यावरून क्षारता कळायची. एक थेंब इकडचा तिकडं झाला तरी पुन्हा मोजायचा. मी कितीदा गंमत म्हणून विचारलं, आज नाही मोजलं तर काय होईल? तो म्हणायचा, "तुले कायचं काय होते, तू भाकर खातं."

आता मुख्य गोष्ट. त्याला न्यायची तयारी चालू असताना हिवरखेडहून आलेले त्याचे काका म्हणाले, "घरात भरेल पाणी सारं ओतून द्या. एक थेंब ठेवू नका." माणूस गेला की घरातलं साठवलेलं पाणी ठेवत नाहीत, हे आपल्याकडं सगळ्यांनाच ठाऊक आहे. कामाला हात लागले की रडू येत नाही, म्हणून मीच पुढं झालो. माठ ओतला, पिंप ओतलं, कळश्या ओतल्या… आणि कोपऱ्यातल्या त्या दोन्ही कॅन ओतल्या. त्यांत काय आहे हे त्या घरात विनायकनंतर मला सगळ्यांत जास्त माहीत होतं. मोरीत पाणी जाताना मी पाहत होतो, आणि डोक्यात काहीही नव्हतं. मग शेजारून ताजं पाणी आणून सगळं पुन्हा भरलं. कॅनसुद्धा. पंप बिचारा त्या दिवसापासून टाकीत साधं पाणी सोडत राहिला.

तेरवीला गेलो तेव्हा फाटकापाशीच वास आला. मेलेल्या मासळीचा नव्हे, त्याहून घाण, घशात चिकटणारा. प्रवाळांची कातडी चिंध्या होऊन पाण्यात फिरत होती आणि खाली पांढरे सांगाडे उघडे पडले होते. नाकाला रुमाल लावून पाहुणे जिलेबी खात होते. वहिनींचा भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भाऊजीचंच औषिध चुकलं असन. घरात कायले पायजे होता हा उकिरडा?"

मी थेंब मोजले. क्षारता निम्म्याहून खाली गेली होती. स्वयंपाकघरात जाऊन कॅनमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं. गोडं, नळाचं पाणी. तेव्हा मला सगळं कळलं.

मागं वहिनी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "त्यायच्या हातून काई चुकलं होतं का हो भाऊजी?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

त्या वासाची किळस चार दिवसांत गेली. या तीन शब्दांची जात नाही. आयुष्यभर थेंब मोजत आलेल्या माणसावर मी त्याच्या तेरवीला, त्याच्याच घरात, माझी चूक ढकलली होती, आणि वर जेवून अकोल्याला परतलो होतो.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. टाकीत चार प्रवाळं जगली आहेत. वहिनी खिडकीपाशी उजेडात नळी धरून थेंब मोजत होत्या, ओठ हलत होते. त्यांचं मोजून होईस्तोवर थांबलो आणि सांगितलं, "वहिनी, पाणी मी ओतलं. माहीत असून ओतलं."

त्यांनी नळी खाली ठेवली. "मले मायीत हाये. एक कॅन तुमी उचलली. दुसरी मीच तुमच्याकडं सरकवली होती."

"मग मला विचारलंत कशाला?"

"त्यायचं चुकलं नाई, इतकं कोनी तरी मनावं मनून. माहं तर कोनी ऐकून नव्हतं राहिलं."

मग म्हणाल्या, "आता हेच माह्या भावासमोर सांगा." भाऊ बाहेर ओट्यावर बसला होता. मी जाऊन सांगितलं. त्यानं मोबाइलमधून डोकं वर न काढता "हो का" म्हटलं. त्याच्याकडून अजून इतरांकडं काय जाईल याचा मला भरवसा नाही, म्हणून इथं लिहून देतो. विनायकचं काहीही चुकलं नव्हतं. पाणी मी ओतलं.